पंचवीस शेक

"पंचवीस व्हयी गयात, डॉक्टरबाई. एक बी चुकना नही," रुपचंद तांबट मोठ्यानं म्हणाला. चाळीस वर्षं तांब्यावर हातोडी चालवून त्याचे कान गेले होते. सगळं जग आपल्यासारखंच बहिरं आहे, असं समजून तो बोलत असे.

डॉ. नेहेते त्याच्या बायकोची, भागाबाईची काख तपासत होत्या. गाठीभोवतीची कातडी काळपट तांबूस झाली होती. डाग अंडाकृती होता, कडा आखून घ्यावी तशी. पाच आठवड्यांपूर्वी कागदावर गाठीचं माप चार सेंटिमीटर लिहिलं होतं. आता पट्टी साडेपाच दाखवत होती.

"हे कशानं झालं?"

रुपचंदला ऐकू आलं नाही, पण प्रश्न कळला. त्यानं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं तांब्याचं भांडं काढलं आणि टेबलावर ठेवलं.

एप्रिलच्या सुरुवातीला, अठ्ठ्याऐंशी साली, याच खोलीत डॉक्टरबाईंनी त्याला ओरडून सांगितलं होतं. पंचवीस शेक. रोज एक. शनिवार-रविवार सुटी. हातात कागद दिला, तो इंग्रजीत होता. रुपचंदला अक्षर येत नव्हतं. आकडे तेवढे येत, कारण भांड्यावर वजन कोरावं लागे. तळमजल्यावर किरणांचं यंत्र आहे आणि या दवाखान्यात सगळे त्यालाच शेक म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलं नाही. धुळ्याहून सोनगीरला परतताना बसमध्ये तो मनातल्या मनात भांडं घडवत होता.

मापासाठी त्यानं भिजवलेली कणीक भागाबाईच्या काखेतल्या गाठीवर दाबून ठसा घेतला. त्या ठशावरून पत्रा ठोकला. शेजारची झुंबरबाई दारातून डोकावून म्हणाली, "सोनाना दागिना जमना नही, म्हनीसन तांबाना का, भाऊ?" भागाबाई पदर तोंडाला लावून हसली.

रोज दुपारी तो भट्टीवर वाळू तापवी आणि भांड्यात भरी. भांडं आधी स्वतःच्या गालाला लावून बघे. मग जुन्या लुगड्याच्या घडीवरून तिच्या काखेत टेकवी.

"चटका लागस का?"

ती मान हलवी आणि डोळे मिटे. बाहेर आग्रा रोडवरचे ट्रक उन्हात पातळ होऊन जात. त्यांचा आवाज पाण्याखालून यावा तसा येई. किल्ल्याची टेकडी जागची सुटून जराशी पुढे तरंगे. ऊब बरगड्यांतून पाठीत उतरे, पाठीतून खाटेत, आणि खाट कुठे संपते ते भागाबाईला कळेनासं होई. एकदा तिला दिसलं की गाठ म्हणजे माहेरच्या विहिरीतलं कासव आहे. ऊन खायला वर आलंय. अंग सुकलं की आपल्या पायांनी चालू लागेल. जागी झाल्यावर तिनं हे नवऱ्याला सांगितलं. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला, कासव हा शब्द त्याला ओळखू आला, आणि तो हसला.

शनिवारी-रविवारी वाळू तापत नसे. हे का, असं तिनं हातानंच विचारलं. "डॉक्टरबाईनी सांगेल शे," तो म्हणाला. "आंगले इसावा."

ठणका खरंच कमी झाला होता. लग्नाला तीस वर्षं झाली होती. नवरा इतका वेळ जवळ बसलाय, असं तिला आठवत नव्हतं.

डॉ. नेहेत्यांनी भांडं उचलून उलटं केलं. हातोडीच्या खुणा गव्हाच्या दाण्यांएवढ्या होत्या, ओळीत, एकही वाकडी नव्हती. परदेशात गाठ त्रेचाळीस अंशांपर्यंत तापवून मग तिच्यावर किरण सोडतात, म्हणजे किरण जास्त लागू पडतात, असं त्यांनी वाचलं होतं. पण तिथेही उष्णता किरणांच्या जोडीला असे. एकटी नसे. आणि ती यंत्रानं मोजून दिलेली असे.

शेक हा शब्द त्यांनीच वापरला होता. रोज वापरत होत्या.

"आते कितला राहिनात?" रुपचंदनं विचारलं.

त्याला खरं सांगायचं, तर ओरडून सांगावं लागलं असतं. दार उघडं होतं. बाहेर बाकावर माणसं बसली होती. डॉक्टरबाईंनी आवाज खाली आणला आणि भागाबाईकडे वळल्या.

"भागाबाई, मी म्हटला होता तो शेक हा नव्हे."

"मले समजनं." भागाबाईनं नवऱ्याकडे पाठ केली. आता तिचे ओठ त्याला दिसत नव्हते. "भायेर बाया देख्यात. गळावर जांभळ्या रेघा आखेल. शिपाई म्हने, चला शेकवाले, आनि त्या लोखंडी दारमा गयात. तवय समजनं."

"पाच आठवडे गेले."

"वेळ शे का अजून?"

"आहे. पण आज सुरू करायचं. रोज यायचं. आणि घरचा शेक आजपासून बंद."

भागाबाईनं पोलक्याची बटणं लावली. खाली जायच्या त्या लोखंडी दाराची तिला भीती वाटत होती.

डॉक्टरबाईंनी नवं कार्ड घेतलं. नाव लिहिलं, गाव लिहिलं, तारीख टाकली. खाली शेकांच्या नोंदीचा तक्ता होता, पहिलं घर क्रमांकाचं. रुपचंद टेबलावर वाकून बघत होता. पेन त्या घरावर थांबलं.

"एक लिखू नका, बाई," भागाबाई हळूच म्हणाली. "सव्वीस लिखा."