पोचा आलेला पेला

डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, “घराण्यात आधी कुणाला अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता?” “सासऱ्यांना,” मीच म्हणाले. लग्नानंतर सासूबाईंनी बजावलं होतं, “याच्या रक्तातच असेल ते. सिगारेट काही सोडायचा नाही, निदान चहा निववून देत जा.” मी निववून दिला. पहिल्याच घोटाला त्याने स्टीलचा पेला मला फेकून मारला. “चहा आहे की गुळण्यांचं पाणी?” माझ्या कपाळाला खोक पडली, पेल्याला पोचा आला. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच पेल्यात कढत चहा देत आले, पेलासुद्धा आधी उकळत्या पाण्यात बुडवून. तो मित्रांना सांगायचा, “बायको कशी सुतासारखी सरळ केली!” “आता सगळं कोमटच द्या,” डॉक्टर म्हणाले. घरी येऊन मी तोच पेला त्याच्या हातात दिला. त्याला तो दोन्ही हातांनी धरावा लागला. “निववलाय,” मी म्हणाले. “जमलं तर फेका.”