पडद्यावरची व्हर्ना

"थांबव तिथेच," एल्डन म्हणाला, आणि भिंतीवरच्या पडद्यावर व्हर्नाचा चेहरा स्थिर झाला. तोंड अर्धं उघडं, डोळे हसरे.

चर्चच्या तळघरातला हॉल गच्च भरला होता. एका एआय कंपनीला गावाच्या उत्तरेला, ओढ्याकाठी डेटा सेंटर उभारायचं होतं. यंत्रं थंड ठेवायला पाणी ओढ्याचंच. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या त्या लहानशा गावात या कंपनीचं नाव कोणी धड तोंडाने घेत नव्हतं. आणि आता तिच्याच जाहिरातीत गावातली बाई दिसली होती. पक्षाघातानंतर आपलं बोलणं या कंपनीच्या एआयने परत आणलं, असं ती तिथे सांगत होती. एकाहत्तर वर्षांच्या व्हर्नाने सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. हॉलमधली निम्मी माणसं तिच्याच बसमधून शाळेत गेलेली.

"माझ्या बहिणीला दोन शब्द धड जोडता येत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे," एल्डन म्हणाला. "आणि ही बघा, कशी घडाघडा बोलतेय. चेहरा चोरला, आवाज चोरला, खोटी व्हर्ना बनवली. उद्या तुमचा चोरतील."

"बसमध्येसुद्धा ती एवढं बोलली नव्हती कधी," मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले, पण हसण्यात राग होता.

व्हर्ना पहिल्या रांगेत बसली होती. पक्षाघात झाल्यापासून, गेली दोन वर्षं ती अशीच गप्प बसायची. कोणी "कशी आहेस?" विचारलं की तिची जीभ वळायच्या आत एल्डन सांगून टाकायचा, "बरी आहे." मग ती मान हलवायची. एल्डन तिचा धाकटा भाऊ. तिची औषधं तो आणायचा, दारातला बर्फ तो काढायचा. त्याच्या मायेबद्दल कोणाला शंका नव्हती, तिलाही नाही.

टेस प्रुइट ही तरुण वकीलबाई दोन कागद घेऊन तिच्यापाशी आली.

"व्हर्नाबाई, हा सेंटरविरोधी अर्ज. आणि या दुसऱ्यात 'जाहिरातीतली बाई मी नाही' एवढंच लिहिलंय. सही करा. सोमवारी कोर्टात जाऊ. मग बघा, कंपनी कशी गाशा गुंडाळते ते."

व्हर्नाने पेन घेतलं. अर्जावर सावकाश सही केली. दुसरा कागद तिने दोनदा वाचला, घडी घातली आणि टेसच्या हातात परत दिला. मग खुर्चीला धरून ती उभी राहिली.

"सेंटर... मलाही नको," ती म्हणाली. "ओढा आपला आहे. पण ती बाई... मीच."

"तिला म्हणायचंय की..." एल्डनने सुरुवात केली.

"एल्डन." तिने हात वर केला. "मीच. कॅमेऱ्यासमोर... एकोणीस वेळा... चुकलं. विसाव्यांदा... जमलं."

दोन वर्षांत हॉलमधल्या कित्येकांनी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. एल्डनचा चेहरा उतरला.

"त्यांच्यासाठी बोललीस? या लोकांसाठी? आपला ओढा गिळायला निघालेत ते."

"खरं होतं... म्हणून बोलले. विम्याचे पैसे... थांबले. बोलायला शिकवणारी बाई... बंद झाली. मग आठ महिने... रोज... त्या यंत्राशी बोलले."

"अगं, पण यंत्राशी कशाला? मी रोज येत होतो ना तुझ्याकडे?" आता त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

व्हर्नाने त्याचा हात हातात घेतला. शब्द यायला बराच वेळ लागला.

"ते... माझं वाक्य संपेपर्यंत... थांबायचं."