त्या शनिवारचे सात गोल

“निहार नावाचं कुणीच नाहीये, काकू. मी तीनदा सर्च केलं.”

ज्ञानदाने लॅपटॉप शरयूकाकूंकडे वळवला. काकूंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. पिस्कॅटवेच्या पार्कात, घडीच्या टेबलापलीकडे, पोरं लांबुळका चेंडू लाथाडत होती. ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणजे काय हे न्यू जर्सीत शंभरातल्या एकालाही ठाऊक नसेल, तरी राज्यात सहा क्लब होते आणि त्यांची स्पर्धाही होती. कोण किती सामने खेळला, कुणी किती गोल केले, याच्या नोंदी ठेवायचं बिनपगारी काम ज्ञानदाच्या गळ्यात पडलं होतं. मैदानावर ती क्वचितच यायची. पण नोंदीत कुणाला सूट मिळायची नाही.

“नीट बघ गं,” काकू म्हणाल्या. “चार वर्षं झाली. व्हिसा आत्ता मिळाला, नाहीतर आधीच आले असते. सप्टेंबरातला शनिवार होता. इथली रात्र, आमच्या नागपूरची सकाळ. फोन आला, ‘आई, आज मी सात गोल केले.’ आणि पहाटे तो गेला.”

सरळ, रिकामा रस्ता होता आणि गाडी झाडावर गेली होती. पोलीस म्हणाले, झोप लागली असेल.

“पहिल्या वर्षी फोनवर नुसता रडायचा. परत येतो म्हणायचा. मीच म्हटलं, धीर धर. मग हा क्लब मिळाला आणि त्याचा आवाजच बदलला. दर शनिवारी खेळाच्या गप्पा. लहानपणी तरी पायाला कुठे चैन होती? शाळेतून दगड लाथाडत यायचा. उजवा बूट कधी सहा महिने टिकला नाही.” काकू हसल्या आणि लगेच थांबल्या. “सात गोल करणारं पोर त्या रात्री आनंदात असणार ना गं? मग झोपच लागली असेल. पण गोलच खोटे असतील तर...”

ज्ञानदाला पुढचं ऐकायचं नव्हतं.

तिने तो शनिवार उघडला. सात गोल होते. एका सामन्यात सात, राज्यात आजवर दुसऱ्या कुणाला न जमलेले. कुणीतरी कौतुकाने शेराही टाकला होता की सातही डाव्या पायाचे. त्याच सामन्याने क्लबला एकुलता एक कप मिळवून दिला होता. पण गोलांपुढे नाव होतं अवधूतचं.

तिने मैदानाकडे हाक मारली. त्या संघातला आता तोच उरला होता. बाकीचे डिग्र्या घेऊन पांगले होते. गुडघा गेल्यापासून अवधूतचं खेळणं सुटलं होतं. गळ्यात शिट्टी अडकवून तो पोरांना शिकवायचा आणि नवीन कुणी आला की त्याला ते सात गोल ऐकवल्याशिवाय सोडायचा नाही. पोरं त्याची टर उडवायची, तरी त्याला तेवढंच सुख होतं.

तो लंगडत आला आणि काकूंना बघून जागीच थांबला.

“तू अवधूत ना? त्याच्यासोबत राहायचास तो?” काकूंनी त्याचा हात धरला. “सामान तूच पाठवलंस. त्यात जर्सी नव्हती रे बाळा. मी सगळं उपसून बघितलं.”

“अवधूत, निहार आपल्या क्लबमध्ये होता का?” ज्ञानदाने विचारलं. “काकू म्हणतात, फायनलला त्याने सात गोल केले.”

अवधूत स्क्रीनकडे बघत राहिला.

“रजिस्टर्ड नव्हता,” तो म्हणाला. “जर्सी माझी होती, काकू. त्या दिवशी तो माझ्या नावावर खेळला.”

“काय?” ज्ञानदा उठलीच. “आणि तू चार वर्षं गप्प? दर नव्या पोराला स्वतःचे म्हणून सांगतोस तू ते गोल!”

“हो.”

“सातही त्याचेच?” काकूंनी विचारलं.

“सातही. शेवटचा तर बाउंड्रीच्या कडेवरून, एकदम अशक्य अँगल. पोरांनी खांद्यावर घेतलं त्याला. रात्री जेवताना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसला. इतका हसत होता, काकू, झोपलाच नाही. पहाटे डोळा लागणारच ना?”

काकूंनी तोंडाला पदर लावला आणि त्या रडल्या. “मला वाटायचं, मी परत येऊ दिलं नाही म्हणून...” त्यांनी अवधूतच्या गालावर हात ठेवला. “खूप उपकार केलेस रे.”

ज्ञानदाला त्याच्याकडे बघवेना. दुःखी बाईसमोर भांडायचं नाही म्हणून ती हळू आवाजात बोलली, इतकंच.

“दुसऱ्याच्या नावावर खेळवलं म्हणजे सामन्याचा निकाल कॅन्सल होतो. कप जाणार. तुझं कोचिंग बंद. आणि कारण तुझ्या नावानिशी साइटवर टाकावं लागतं.”

“टाक.”

“लाज नाही वाटली यार तुला?”

तिने त्याचं नाव खोडलं आणि निहारचं घातलं. काकूंनी त्या नावावर बोट ठेवून पाहिलं, मग मोबाइलवर फोटो काढून घेतला.

ज्ञानदा त्यांना गाडीपर्यंत घेऊन गेली. काकू सीटला डोकं टेकून बसल्या आणि त्यांचे डोळे आपसूक मिटले. चेहरा शांत झाला होता. दार लावून ज्ञानदा वळली.

लॅपटॉप घ्यायला ती टेबलाशी आली तेव्हा शिट्टी तिथे काढून ठेवलेली होती. एक चेंडू घरंगळत अवधूतकडे गेला. “कोच, इकडे!” पोरं ओरडली. तो बाउंड्रीच्या अगदी कडेला उभा होता. त्याने चेंडू उचलला, हातातून खाली सोडला आणि तिथूनच, त्या अशक्य अँगलमधून, गोलच्या चार खांबांपैकी मधल्या दोन खांबांच्या बरोबर मधून काढला, डाव्या पायाने.