पाहुण्याला सांगितलेली पापं

"निरोप घ्यायचं कारण नाही," शेवटचं व्याख्यान संपवून फादर कॉर्नेल म्हणाले. "मी इथेच राहतोय. बिशपसाहेबांनी मला तुमच्या गावचा धर्मगुरू नेमलंय. ईस्टरच्या जेवणाच्या टोपल्यांना आशीर्वाद द्यायला मीच असेन."

खरं तर चर्चमध्ये आनंदाची कुजबुज व्हायला हवी होती. झाली ती चिडीचूप शांतता. उपाशी पोटातली कुणाची तरी गुरगुर पार वेदीपर्यंत ऐकू गेली. अपोलोनियाच्या हातातून जपमाळ खाली पडली आणि ती उचलायचंही तिला सुचलं नाही.

त्याचं असं होतं. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत आमच्याकडे दर वर्षी बाहेरगावचे एखादे फादर यायचे. तीन संध्याकाळी श्रद्धेवर आणि चर्चच्या शिकवणीवर बोलायचे आणि रविवारच्या बसने निघून जायचे. गाव व्याख्यानं मन लावून ऐकायचं, पण खरा डोळा असायचा तो त्यांच्यापुढच्या पापकबुलीवर. आमच्या म्हाताऱ्या फादर इग्नात्सींना वर्षभर किरकोळ माल मिळायचा. प्रार्थना चुकली, नवऱ्यावर ओरडले, शुक्रवारच्या उपवासाला सॉसेज खाल्लं. दमदार पापं लोक पाहुण्यासाठी राखून ठेवायचे. पाहुणा ती घेऊन बसमध्ये चढला की गाव हलकं व्हायचं.

अपोलोनियाचं पाप बाबकेचं होतं. बाबका म्हणजे ईस्टरचा उंच, पिवळाधमक, मनुका घातलेला केक. आमच्या गावच्या बाबकांचं पंचक्रोशीत नाव होतं, आणि गावात अपोलोनियाचं. सासू गेली त्या वर्षी तिने पहिल्यांदा एकटीने बाबका भाजली आणि ती मधोमध खचली. शेजारच्या लेओकादियाने टोपलीत डोकावून विचारलं होतं, "बसली का गं? बसू दे, दमली असेल." तेव्हापासून अपोलोनिया सानोक शहरातल्या बेकरीतून गुपचूप बाबका आणत आली होती. वरून साखरेचा पाक ओतायची, तेवढा मात्र स्वतःच्या हातचा.

फादर कॉर्नेलांचं दुसरं व्याख्यान खोटेपणावर होतं. मोठं खोटं माणसाला झोपू देत नाही, ते म्हणाले, पण लहान खोटं तो सजवून टेबलावर मांडतो आणि पाहुण्यांना वाढतो. अपोलोनियाला वाटलं, हे नक्की आपल्याचकडे बघून बोलले. दुसऱ्या दिवशी तिने सगळं सांगून टाकलं. फादरांनी प्रायश्चित्त दिलं ते असं, "या ईस्टरला स्वतः भाजा. जशी होईल तशी टोपलीत ठेवा." ती लगेच हो म्हणाली. रविवारी निघून जाणाऱ्या माणसाला हो म्हणायला काय जातं?

आणि आता तो माणूस जाणारच नव्हता.

ती तडक फादर इग्नात्सींकडे गेली. डॉक्टरांनी त्यांना विश्रांती सांगितली होती, म्हणून तर हा बदल. बिशपसाहेबांचं मन वळवता येईल का, असं तिने आडून आडून विचारलं. म्हातारे फादर खुशीत हसले. पोरगा गुणी आहे, राहू दे, म्हणाले. मग त्यांनी विषय नेहमीच्या जागी, बाबकेवर, नेला. ते आपली बाबका स्वतः भाजायचे, त्या दिवशी स्वयंपाकीणबाईंनाही घरात फिरकू द्यायचे नाहीत. "यंदा तुझी बघतोच," ते म्हणाले. "तुझ्या खालोखाल माझीच, विसरू नकोस."

ईस्टरच्या आठवड्यात अपोलोनियाने नवऱ्याला घराबाहेर काढलं, कारण पीठ फुगताना दार आपटलं की संपलंच. सासूचा साचा लोण्याने माखला. दार कुणी आपटलं नाही, तरी बाबका खचली. शिवाय एका बाजूने करपली. ती खुर्चीत बसून रडली. मग डोळे पुसून कोट घातला. सानोकची बस अजून मिळाली असती. फादर कॉर्नेल काही बोलणार नव्हते, पापकबुलीतलं बोलायची त्यांना मुभाच नाही. पण ते बघणार होते. त्यांच्या नजरेपेक्षा लेओकादियाचं हसणं परवडलं, असं तिने ठरवलं आणि कोट खुंटीला टांगला.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी चर्चमधल्या लांब टेबलावर टोपल्या ओळीने लागल्या. अंडी, मीठ, सॉसेज, लोण्यात घडवलेलं कोकरू आणि वरून भरतकामाचे पांढरे रुमाल. फादरांनी खूण केली तसे सगळ्या बायकांनी एकदम रुमाल बाजूला केले. अपोलोनियाने डोळे मिटून घेतले आणि शेजारच्या हसण्याची वाट बघत उभी राहिली.

हसणं आलं नाही. तिने एक डोळा उघडला. लेओकादियाची बाबका म्हाताऱ्याच्या टोपीसारखी चेपलेली होती. तिच्या पलीकडची फुटली होती. त्या पलीकडची साच्यातून निघालीच नसावी, कारण ती साच्यासकट ठेवली होती. टेबलभर नजर जाईल तिथवर बाबका बसलेल्या होत्या आणि एकही बाई दुसरीच्या टोपलीकडे बघत नव्हती.

"सानोक?" लेओकादियाने ओठ न हलवता विचारलं. "पुलाजवळची बेकरी?"

"तू पण?"

"मला वाटायचं, मी एकटीच."

अपोलोनियाला इतकं हलकं तर पापकबुलीनंतरही वाटलं नव्हतं. फादर कॉर्नेल गंभीर चेहऱ्याने पवित्र पाणी शिंपडत पुढे सरकत होते, फक्त त्यांचे खांदे हलत होते. टेबलाच्या टोकाशी मात्र ते थबकले. तिथे एक बाबका ताठ उभी होती, उंच, गुळगुळीत, कुठे म्हणून चीर नसलेली, थेट बेकरीच्या काचेतल्यासारखी. टोपली फादर इग्नात्सींची होती. तिन्ही व्याख्यानं त्यांनी पहिल्या बाकावर बसून ऐकली होती. पापकबुलीला तेवढे ते आले नव्हते.