योद्ध्याचं सामान

भुईगावच्या घराच्या ओट्यावर टिफनी फासे आणि नियमांचं पुस्तक मांडून बसली होती. राक्षसांच्या राज्यातला खेळ होता. प्रत्येकाने आपला योद्धा रचायचा आणि त्याचं सामान निवडायचं. मित्र अजून यायचे होते. एरवी या खेळाला हसणारे पप्पा आज वाडीतून आले ते सरळ तिच्यासमोर बसले. पायातले गमबूटही काढले नाहीत.

“माझाही एक गडी लिही,” ते म्हणाले.

टिफनी खूश झाली. “तलवार देऊ? उडता घोडापण आहे.”

पप्पांचं बोट यादीवरून उतरत शेवटच्या ओळीवर थांबलं. “हा दे. साधा लाकडी पाय.”

“पप्पा, वरती जादूचा पाय आहे ना. त्याने पळतासुद्धा येतं.”

“साधाच लिही. त्याने शिडी चढता येते?”

टिफनीने पुस्तकात पाहिलं. “नाही.”

“आणि चिखलात?”

“रुततो. दर पावलाला फासा टाकायचा.”

पप्पा अंगणापलीकडच्या केळींकडे बघत राहिले. सकाळीच पाणी सोडलेलं होतं, आळी अजून ओली होती.

“सवय व्हायला किती दिवस लागतात?”

“तसं काही लिहिलेलं नाही यात.” टिफनी हसली आणि तिने पेन्सिल उचलली. “बरं, तुमच्या गड्याचा पाय कुठून कापलाय? गुडघ्याच्या खाली की वर?”

पप्पांनी फासा उचलला, पण टाकला नाही.

“ते डॉक्टर सोमवारी सांगतील.”