होडीतली जागा

दादाच्या होडीत बसून तळ्यात उगवणारा रानभात झोडायची जागा माझी होती. यंदा तिथे वहिनी बसली. दादा उभा राहून लांब काठीने होडी रेटत होता आणि ती दोन दांडक्यांनी लोंब्या अशा बडवत होती, की अर्धे दाणे होडीऐवजी तळ्यातच पडत होते.

मी शेजारून आईच्या होडीतून बघत होते. खरं सांगते, बरं वाटलं. "दादा, बायको निम्मं पीक बुडवतेय तुझं!" मी ओरडले.

"बुडवू दे की," तो हसला. "आपल्या ओजिब्वे जमातीत या भाताची पेरणी कधी कोणी करतं का? सांडतं तेच पुढल्या वर्षी उगवतं. तू एक दाणा सांडू द्यायची नाहीस, म्हणून तर हा कोपरा विरळ झालाय."

आईने मान डोलावली. म्हणजे तिलाही हे ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी आईच्या होडीत झोडताना मीही हात सैल सोडला. मूठमूठ दाणे पाण्यात पडू दिले, अगदी दादाला दिसतील असे. मग मान वळवून पाहिलं.

दादाने काठी खाली ठेवली होती. वहिनीच्या डोळ्यात गेलेलं कुसळ तो फुंकर घालून काढत होता.