बुडालेल्यांचं आवतण

मारोती बुडाला त्याला तीस वर्षं होऊन गेली होती, आणि आज सकाळी तो दुर्गाबाईच्या ओट्यावर बसून चहा मागत होता. वर जादा साखर.

वाशीच्या नव्या इमारतींतून उरणजवळच्या त्या गावात आलेल्या सुनीतीबाई टेपरेकॉर्डरची बटणं दाबून बघत होत्या. त्यांना बुडालेल्या आगबोटीचं गाणं टेपवर हवं होतं. हळदीच्या दिवशी दुर्गाबाई ते म्हणे. बोटीबरोबर गेलेल्या एकेकाला नाव घेऊन मांडवात बोलवी, आणि नावागणिक बाया चिमूटभर तांदूळ पाण्यात सोडत.

"दुर्गे, टेपात जायच्या आधी माझं नाव काढ," मारोती म्हणाला. "नातीच्या हळदीला माझ्या देखत माझ्या नावाचं तांदूल सोडलं. सोयरं हसत व्हतं."

"बोट सुटताना तंबाखूला उतर, असं मी सांगितलं व्हतं?"

"उतरलो म्हनून जगलो ना!"

"जगलास आनि दोन म्हयनं मावशीकडं तोंड लपवून बसलास. गानं रचलं तवा आमी धरलं, तूबी गेलास."

"मंग आथा काढ."

"चाल मोडंल."

"मोडू दे!"

सुनीतीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. टेप फिरू लागली. दुर्गाबाईनं डोळे मिटून एकेकाला हाक घातली. मग ती जागा आली. तिथं दर वेळी 'मारोती-किसन दोघं भाऊ' यायचं.

"किसन एकला भाऊ, ये रं मांडवाला..."

मारोतीची बशी ओठांशीच थांबली. धाकट्या किसनला पाण्याची भारी भीती. बोटीवर त्यानं मारोतीचा सदरा मुठीत धरला होता. तंबाखूला उतरताना ती मूठ सोडवावी लागली होती. आलोच, असं म्हणून.

दुर्गाबाई पुढच्या नावाला लागणार, तेवढ्यात तो ओरडला, "मारोती!"

तिनं डोळे उघडले नाहीत. सूरही सोडला नाही. "मारोती-किसन दोघं भाऊ, या रं मांडवाला..."

गाणं संपलं. सुनीतीबाईंनी खट्‌कन बटण दाबलं.

"अहो, मधेच पुरुषाचा आवाज आला. पुसून परत घेऊ या का?"

दुर्गाबाईनं मारोतीच्या बशीत उरलेला चहा ओतला.

"ऱ्हाऊ दे, बाई. बुडालेल्यांतलाच हाय."